चार्टर शाळा नव्या जागेत जातेय: कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

जानेवारीत शाळाप्रवेशाच्या लॉटरीचे अर्ज सुरू झाले की आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला मेसेज ठरलेला: "ती शाळा हलतेय म्हणे, खरं का?" मग दोन दिवस नुसता कल्ला. माझी दोन्ही मुलं चार्टर शाळेत शिकली आणि त्या काळात शाळेने दोनदा जागा बदलली, त्यामुळे हे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. हे सगळं फक्त कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सास, न्यू जर्सीवाल्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघावेत, कारण चार्टरचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो.

१. चार्टर शाळा म्हणजे नक्की काय? सरकारी की खाजगी?

सरकारी. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर जाहीर सोडत. पैसा सरकारचा आणि कारभार एका ना-नफा संस्थेच्या बोर्डाचा, हे ऐकून आपल्याकडच्या अनुदानित शाळा आठवतात आणि ती तुलना अर्धीअधिक बरोबरही आहे. फरक असा की चार्टर म्हणजे मुदतीचा करारनामा. तो बहुधा स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) मंजूर करतं, काही वेळा काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), आणि साधारण ५ वर्षांनी नूतनीकरणाला जावं लागतं. कामगिरी खालावली तर नूतनीकरण नाकारलंही जातं. असा कायदा सर्वांत आधी १९९१ मध्ये मिनेसोटाने केला, १९९२ मध्ये कॅलिफोर्निया दुसरं राज्य ठरलं. २०१९ पासून इथे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला चार्टर शाळा चालवता येत नाही.

२. सरकारी आहे तर हिला स्वतःची इमारत का नाही? सारखी बिऱ्हाड बदलल्यासारखी का फिरते?

सगळ्या तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिस्ट्रिक्ट बॉंड (कर्जरोखे) काढतं, मतदार तो मंजूर करतात आणि मालमत्ता करातून त्याची फेड होते. डिस्ट्रिक्टच्या शाळांच्या इमारती अशा उभ्या राहतात. चार्टर शाळेला कर लावायचा अधिकार नाही. तिला मिळतात ते रोजच्या हजेरीवर मोजलेले पैसे, म्हणजे शिक्षकांचा पगार, वह्यापुस्तकं आणि भाडं एकाच थैलीतून. (मूल डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला गेलं की शाळा का कुरकुरते, तेही यावरून कळेल.)

मदतीचे मार्ग आहेत, पण प्रत्येकाला अटी आहेत. भाड्यासाठी राज्याचं अनुदान आहे, २००१ च्या कायद्यातून आलेलं. ते वार्षिक भाड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, पण मुलांमागची कमाल रक्कम ठरलेली आहे. शिवाय शाळेतली किंवा त्या भागातल्या प्राथमिक शाळेतली निदान ५५ टक्के मुलं कमी उत्पन्नाच्या निकषावर मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र असावी लागतात. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) आपली मंडळी जिथे दाटीने राहतात, त्या उपनगरांत हा आकडा गाठणं कठीण. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी १० अब्ज डॉलरचा शालेय बॉंड मंजूर केला, त्यातले ६० कोटी चार्टर शाळांसाठी राखलेले आहेत. सबंध राज्याच्या मानाने ही रक्कम फार नाही.

म्हणून शाळा कधी चर्चच्या हॉलमध्ये सुरू होते, कधी रिकाम्या पडलेल्या ऑफिसात, कधी डिस्ट्रिक्टच्या शाळेतल्या मागच्या पोर्टेबल खोल्यांत. तिसऱ्या प्रकाराबद्दल पुढचा प्रश्न बघा.

३. आमची शाळा सध्या दुसऱ्या शाळेच्या आवारात आहे. तिथून दर वर्षी हाकलतात का?

हाकलत नाहीत, पण दर वर्षी नव्याने मागावं लागतं. नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनी प्रस्ताव ३९ मंजूर केला. डिस्ट्रिक्टच्या हद्दीतली ८० किंवा जास्त मुलं असलेल्या चार्टर शाळेला, इतर मुलांना मिळते "साधारण तशीच" जागा डिस्ट्रिक्टने द्यायची, टेबलखुर्च्यांसकट, असं त्यात आहे. शाळेने १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा, डिस्ट्रिक्टने १ फेब्रुवारीपर्यंत प्राथमिक प्रस्ताव आणि १ एप्रिलपर्यंत अंतिम उत्तर द्यायचं. म्हणजे ऑगस्टमध्ये मूल कुठे बसणार, हे कित्येकदा एप्रिलमध्ये ठरतं. "मुख्याध्यापिका काही सांगतच नाहीत" अशी तक्रार मार्चमध्ये करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यांनाही ठाऊक नसतं.

एका आवारात दोन शाळा म्हणजे दोन जावा एका ओट्यावर. ग्रंथालय कुणाला मंगळवारी, मैदान कुणाला साडेदहाला, यावरून धुसफूस चालते. तेव्हा नव्या, स्वतःच्या भाड्याच्या जागेत जाणं ही बहुतेक शाळांना सुटका वाटते. पालकांना तसं वाटेलच असं नाही.

४. नवी जागा पूर्वी ऑफिस होती. भूकंपाचं काय? शाळेच्या इमारतींना वेगळा कायदा आहे ना?

आहे आणि प्रश्न अगदी योग्य आहे. १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी लॉंग बीचला भूकंप झाला. सुमारे ७० शाळा कोसळल्या. पोरं घरी होती म्हणून वाचली, शाळा चालू असताना झाला असता तर कल्पना करवत नाही. महिन्याभरातच फील्ड कायदा आला. सार्वजनिक शाळांचे आराखडे तेव्हापासून राज्याच्या खास विभागाकडून तपासून घ्यावे लागतात, बांधकाम चालू असतानाही तपासणी होते.

आता मेख. चार्टर शाळेला या कायद्यातून पळवाट नव्हे, पण दुसरी वाट दिलेली आहे. तिची इमारत फील्ड कायद्यात बसत असेल तर उत्तमच. नसेल तर ती राज्याच्या बांधकाम संहितेप्रमाणे असली पाहिजे आणि शहराच्या किंवा काउंटीच्या बांधकाम खात्याने मंजूर केलेली पाहिजे. डिस्ट्रिक्टच्या आवारातली खोली बहुधा पहिल्या प्रकारची असते, रूपांतर केलेलं ऑफिस जवळपास नेहमी दुसऱ्या. दुसरं म्हणजे धोकादायक, असा अर्थ नाही. मात्र तपासणीची पद्धत वेगळी आहे, हे पालकांना माहीत असावं.

ऑफिसची शाळा करताना वापराचा प्रकार बदलतो. आराखड्यावर 'बी' (ऑफिस) जाऊन 'ई' (शाळा) येतं. मुलांच्या गर्दीला पुरतील असे बाहेर पडायचे मार्ग, आगीची सूचना देणारी यंत्रणा, दारांचे दांडे, सगळं नव्या निकषावर आणावं लागतं. शाळेकडे एकच कागद मागा: सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे इमारत वापरायला मंजुरी असल्याचा दाखला. त्यावर वापराचा प्रकार 'ई' आहे का, तेवढं बघा. "सगळं झालंय, काळजी करू नका" हे तोंडी उत्तर झालं. कागद नसेल तर प्रश्न १४ वाचा.

५. इमारत जुनी आहे. अ‍ॅस्बेस्टॉस, नळातलं शिसं यांची तपासणी झाली का, हे कुणाला विचारायचं?

शाळेच्या ऑफिसलाच. अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल १९८६ चा केंद्रीय कायदा आहे आणि तो चार्टर शाळेलाही लागू आहे, इमारत भाड्याची असली तरी. वापर सुरू होण्याआधी तपासणी, दर ३ वर्षांनी फेरतपासणी, मध्ये दर ६ महिन्यांनी पाहणी आणि या सगळ्याची एक फाइल. लेखी मागितल्यावर ती फाइल ५ कामकाजी दिवसांत दाखवावी लागते. मी मागितली तेव्हा ऑफिसातल्या बाई आधी गोंधळल्या, मग कपाटाच्या वरच्या खणातून एक निळं बाइंडर निघालं, वर धुळीचा थर. पण आत सगळं जागच्या जागी होतं, कुठल्या खोलीतली फरशी, कुठला पाइप, नकाशासकट.

पाण्याचं जरा गुंतागुंतीचं आहे. शाळांच्या नळांची शिशासाठी तपासणी करायचा २०१७ चा कायदा सार्वजनिक मालकीच्या इमारतींसाठी होता. खाजगी मालकाच्या जागेत असलेल्या चार्टरला तो आपोआप लागू होत नाही. तेव्हा "तपासलं का" असं न विचारता "कुठल्या तारखेला, कुठल्या नळाचं, आकडा किती" असं विचारा.

६. मैदानच नाही! आजोबा विचारतात, मैदान नाही तर शाळा कसली?

आजोबांचं म्हणणं चुकीचं नाही. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. (मुंबईत ते कुठे असतं, हा वेगळा विषय.) इथे डिस्ट्रिक्टच्या शाळांच्या जागेसाठी राज्याची मापं आहेत. चार्टर शाळांना मात्र शिक्षण संहितेतल्या बऱ्याच नियमांतून सूट आहे. ती सूट हाच चार्टरचा मूळ गाभा, आणि मैदान त्यातच निसटतं.

मग पार्किंग लॉटचं मैदान होतं. आमच्याकडे सकाळी साडेआठला शेवटची गाडी गेली की पीई शिकवणारे सर नारिंगी कोन ओळीने मांडत, दोन्ही टोकांना साखळी लावत आणि गाड्यांच्या पांढऱ्या रेघांवरच खडूने फोर-स्क्वेअरचे चौकोन आखत. सप्टेंबरात डांबर इतकं तापायचं की मुलं बॉल उचलण्याऐवजी पायाने ढकलत. गुडघे फुटायचे ते वेगळेच.

शाळेला विचारण्यासारखं बरंच आहे: सावलीची सोय काय, खेळायच्या वेळेत गाड्या पूर्ण बंद असतात का, जवळच्या शहराच्या पार्कशी करार आहे का आणि तिथे मुलं चालत जाताना रस्ता किती ओलांडावा लागतो. वणव्यांचा धूर पसरलेल्या दिवशी आत खेळायला एखादी मोठी खोली आहे का, हेही विचाराच. माझ्या मते मैदानाअभावी शाळा नाकारावी असं नाही, पण पहिली-दुसरीतलं वळवळं पोरगं असेल तर मी दोनदा विचार करीन.

७. जेवणाचं काय? स्वयंपाकघर नाही म्हणे. आणि आम्ही शाकाहारी आहोत.

२०२२-२३ पासून कॅलिफोर्नियात चार्टरसह सगळ्या सरकारी शाळांनी मागेल त्या मुलाला दिवसाला दोन वेळचं जेवण मोफत द्यायचं आहे, उत्पन्न काहीही असो. स्वयंपाकघर नसलं तरी सुटका नाही. अशा शाळा बाहेरच्या पुरवठादाराकडून बंद ट्रे मागवतात. शाकाहाराचा मात्र हक्क नाही. अ‍ॅलर्जी किंवा अपंगत्वामुळे, डॉक्टरच्या लेखी पत्रावर, पर्यायी अन्न देणं बंधनकारक आहे. धर्म किंवा आवड म्हणून देणं शाळेच्या मर्जीवर. बहुतेक ठिकाणी चीज पिझ्झा आणि बीन बरिटो मिळतात, पण रोज तेच खाऊन मूल कंटाळतं. डबा गरम करायला मायक्रोवेव्ह मिळेल या भरवशावर राहू नका. थर्मास घ्या, वरणभात त्यात दुपारपर्यंत नीट राहतो.

८. नवी जागा सात मैल लांब आहे. शाळा बस देईल का?

बहुधा नाही. चार्टर शाळेवर बसची सक्ती नाही. अपवाद मुलाच्या आयईपीमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी लिहिलेल्या शिक्षणाच्या आराखड्यात) वाहतूक लिहिलेली असेल तर (प्रश्न ११ बघा). त्यामुळे कारपूल. लॉटरीचा निकाल लागला की पहिल्याच आठवड्यात गट जमवा, ऑगस्टमध्ये सगळ्यांचे गट ठरून गेलेले असतात.

खरी डोकेदुखी ड्रॉप-ऑफच्या रांगेची. शहर शाळेला परवाना देताना रहदारीच्या अटी घालतं: रांग रस्त्यावर येता कामा नये, डावीकडे वळायचं नाही, एका वेळी अमुकच मुलं, वगैरे. या अटी परवान्यात लिहिलेल्या असतात आणि शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या तर अडचण शाळेची होते. "दोन मिनिटं गाडी लावून पटकन सोडते" म्हणणारी ताई आपलीच असते, हे दुःखाने नमूद करते.

सुरुवातीच्या वेळेबद्दल: मिडल स्कूल ८:०० च्या आधी आणि हायस्कूल ८:३० च्या आधी सुरू करता येत नाही, २०२२ पासून, चार्टरलाही. प्राथमिकला हे बंधन नाही.

९. नव्या इमारतीसाठी कुटुंबामागे हजार डॉलर डोनेशन मागितलंय. नाही दिलं तर सीट जाईल का?

नाही, नाही आणि नाही.

गोंधळ शब्दाचा आहे. महाराष्ट्रात "डोनेशन" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काउंटरवरची पावती नसलेली रक्कम येते. त्यावर बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे तरी शब्दाला चिकटलेला अर्थ गेला नाही. इथलं डोनेशन खरोखर ऐच्छिक असावं लागतं. सरकारी शाळेच्या कुठल्याही शैक्षणिक गोष्टीसाठी मुलांकडून फी घेता येत नाही, चार्टरलाही नाही. देणगीची विनंती चालते. तिला "अपेक्षित वाटा" म्हणून मुलामागे बिल पाठवणं किंवा न देणाऱ्यांची यादी करणं चालत नाही. स्वयंसेवेच्या तासांचंही तेच: पालकांनी तास भरणं ही प्रवेशाची अट असू शकत नाही.

दबाव वाटला तर शाळेच्या 'युनिफॉर्म कम्प्लेंट' पद्धतीने एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. फीबाबतची तक्रार निनावी चालते आणि ६० दिवसांत निकाल द्यावा लागतो. आणि द्यायचंच असेल तर तुम्ही नोकरी करता ती कंपनी जोडीला तेवढेच पैसे घालते का ते बघून द्या.

१०. जागा बदलली म्हणून आमच्या मुलाला पुन्हा लॉटरीत बसवतील का?

नाही. सध्या शिकत असलेली मुलं सोडतीतून वगळलेली असतात. भावंडांना बहुतेक शाळा प्राधान्य देतात, पण ते त्या शाळेच्या चार्टरमध्ये लिहिलेलं असेल तरच. अपवाद: जुनी जागा चालू ठेवून दुसरी शाखा काढली आणि तिचं चार्टर वेगळं असेल, तर ती कागदोपत्री वेगळी शाळा. तिथे नव्याने अर्ज. "कॅम्पस की नवीन चार्टर?" हा एक प्रश्न विचारला की उलगडा होतो.

११. माझ्या मुलीला चालायला वॉकर लागतो आणि नवा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट "नंतर" येणार म्हणतात.

"नंतर" मान्य करू नका. अपंगांच्या हक्कांचे केंद्रीय कायदे चार्टरला पूर्णपणे लागू आहेत, ती सूट या बाबतीत नाही. लिफ्ट होईपर्यंत सबंध वर्ग तळमजल्यावर आणणं हा साधा उपाय आहे आणि तो लेखी मागता येतो. आयईपी असेल तर जागा बदलण्याआधीच बैठक बोलवा: प्रसाधनगृहापर्यंतचं अंतर, आग लागली तर तिला जिन्यावरून कोण उतरवणार, थेरपीची खोली कुठे. नुसता पत्ता बदलला म्हणजे कायद्याच्या भाषेत "प्लेसमेंट" (मुलासाठी ठरवलेली शिक्षणाची व्यवस्था) बदलली असं होत नाही, पण आयईपीमधली प्रत्येक सेवा नव्या जागीही मिळालीच पाहिजे.

१२. एवढा मोठा निर्णय झाला आणि आम्हाला कुणी विचारलं नाही?

विचारलं असण्याची शक्यता आहे, आपण गेलो नसू. १ जानेवारी २०२० पासून चार्टर शाळांच्या बोर्डांना खुल्या सभांचा ब्राउन कायदा स्पष्टपणे लागू आहे. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि पालकांना बोलायची संधी द्यावी लागते. जागेच्या भाड्याची किंवा किमतीची घासाघीस बंद दाराआड चालते, ते कायदेशीर आहे. पण दार लावण्याआधी कुठल्या जागेबद्दल आणि कुणाशी बोलणी चालली आहेत, हे उघड सभेत सांगावं लागतं. अजेंड्यावर "रिअल प्रॉपर्टी" हे शब्द आणि त्यापुढे पत्ता दिसला की समजावं. आमच्या शाळेचा नवा पत्ता गटावर फुटण्याआधी चार महिने अजेंड्यावर होता. तेव्हा सभेला प्रेक्षकांत तिघंच जण होते, त्यातला एक पेंगत होता.

जादा शाखा काढायची असेल तर चार्टरमध्ये बदल मंजूर करून घ्यावा लागतो आणि तीही उघड सभा असते, डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची. तिथे बोलता येतं.

१३. आम्ही एच-१बी वर आहोत. भाड्याचं घर, पत्ताही बदलेल. चालेल का?

चालेल. शाळा व्हिसा विचारू शकत नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या कुठल्याही मुलाला अर्ज करता येतो, मात्र गर्दी असेल तर त्या डिस्ट्रिक्टमधल्या रहिवाशांना सोडतीत प्राधान्य मिळतं. एच-४ किंवा एफ-२ वरच्या, म्हणजे पालकांच्या व्हिसावर आलेल्या, मुलांना अडचण नाही. अडचण येते ती मूल स्वतः एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असेल तर: त्याला आठवीपर्यंतच्या सरकारी शाळेत जाता येत नाही आणि सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने, तेही पूर्ण खर्च भरून. भाच्याला इकडे आणून शिकवायचा बेत करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

१४. ऑगस्ट आला आणि इमारत तयारच नाही, तर?

होतं असं. आमच्या वेळी आगीच्या अलार्मची शेवटची तपासणी राहिली, सर्टिफिकेट आलं नाही आणि पहिले नऊ दिवस शाळा एका चर्चच्या हॉलमध्ये भरली. तिसरी आणि चौथीच्या मध्ये भिंत नव्हती, घडीचा पडदा होता. माझी लेक तिसरीत राहून चौथीचा भागाकार शिकून आली.

मे महिन्यातच शाळेला लेखी विचारा: पर्यायी जागा कोणती, तीही शाळेसाठी मंजूर आहे का आणि आम्हाला कुठल्या तारखेला कळवणार. जागा मिळाली नाही म्हणून घरून संगणकावर शिकवू, असं उत्तर आलं तर ते किती दिवस, हेही लिहून घ्या.

१५. नाहीच जमलं तर मूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत परत घालता येतं का, वर्षाच्या मध्येही?

येतं. चार्टरची सक्ती कुणावर नाही आणि राहत्या डिस्ट्रिक्टला तुमच्या मुलाला प्रवेश द्यावाच लागतो. फक्त घराजवळचीच शाळा मिळेल असं नाही, ती भरली असेल तर त्याच डिस्ट्रिक्टमधली दुसरी देतात. तेव्हा आधी तिकडची जागा पक्की करा, मगच इकडे नाव काढा. उलट क्रमाने केलेलं मी पाहिलंय, मूल दोन आठवडे घरी होतं.

१६. रविवारची मराठी शाळा नव्या इमारतीत भरवता येईल का?

डिस्ट्रिक्टच्या शाळांची दारं समाजाच्या कामासाठी खुली ठेवायचा राज्याचा कायदा आहे, म्हणून आपल्या मंडळांना तिथे खोल्या मिळतात. खाजगी मालकाच्या इमारतीत चार्टर शाळा स्वतःच भाडेकरू असते. पोटभाडेकरू ठेवायची मुभा तिच्या करारात आहे का, यावर सगळं अवलंबून. असेल तर मंडळाच्या नावाचा विम्याचा दाखला, ठरलेल्या वेळेची चावी आणि फळ्यावरचं पुसायचं नाही अशी अट, एवढ्यावर काम होतं. शहराच्या परवान्यात शनिवार-रविवारच्या वापराला मनाई आहे का, ते आधी बघा. गणपतीत ढोल-लेझीमचा सराव तिथे करायचा बेत असेल तर तोही आधीच सांगून टाका.